मुलांसाठी घरगुती तंबू: पाय घसरतात, कापडाला झोळ येतो

झोपडीवाला
3 आणि 5 वर्षांच्या दोन मुलांना आत बसता येईल असा, घरात वापरायचा तंबू करायचा आहे. चार काठ्या वर एकत्र बांधून वर चादर टाकली की फरशीवर पाय पसरत जातात आणि कापडाला मध्ये झोळ येतो. ड्रिल आणि शिवणयंत्र दोन्ही आहे. मापं कशी घ्यायची? वापर झाल्यावर घडी करून भिंतीला टेकवता आला तर उत्तम.

रंधा_आणि_गुण्या
चार काठ्या एका गाठीत बांधण्यापेक्षा आढ्याचा तंबू करा. दोन्ही टोकांना कैचीसारखे दोन-दोन पाय आणि वरून जाणारी एक गोल काठी, म्हणजे आढं.

लाकूड: 120 सेमी लांब, 4 सेमी रुंद, 2 सेमी जाड अशा चार पट्ट्या. 20 मिमी जाडीच्या तीन गोल काठ्या, एक 110 सेमीची आढ्यासाठी आणि दोन 106 सेमीच्या खालच्या बाजूंसाठी. पट्टी निवडताना गाठी बघा. भोकाच्या जागी गाठ आली तर लाकूड तिथेच फाटतं.

चारही पट्ट्या एकावर एक रचून क्लॅम्पने आवळा आणि भोकांच्या खुणा एकदमच करा. वरून 15 सेमीवर एक, खालून 6 सेमीवर दुसरं. वेगवेगळ्या मोजल्या की अर्ध्या सेंटीमीटरचा फरक पडतोच, मग आढं तिरकं बसतं आणि एक पाय अधांतरी राहतो. गिरमिट 22 मिमीचं घ्या. अगदी 20 चं घेतलं तर काठी ठोकून घालावी लागते आणि कैची फिरत नाही. भोक पट्टीच्या बरोबर मध्यावर हवं. तेव्हाच दोन्ही बाजूंना 9 मिमी लाकूड उरतं, आणि तेवढं पुरतं. खाली टाकाऊ फळी ठेवून भोक पाडा, नाहीतर मागच्या बाजूला ढलप्या उडतात.

जोडताना एक गोष्ट हमखास चुकते. कैचीत एक पाय आत असतो, एक बाहेर. पुढच्या कैचीत डावा आत घेतला, तर मागच्या कैचीत उजवा आत घ्या. म्हणजे दोन्ही बाजूंच्या पायांमधलं अंतर सारखं, 98 सेमी येतं. दोन्हीकडे डावाच आत घेतला तर एका बाजूला 96 आणि दुसऱ्या बाजूला 100 होतं.

खालच्या काठ्या पायांत घालून पट्टीच्या कडेतून 25 मिमीचा एकेक स्क्रू काठीत जाऊ द्या (आधी 2.5 मिमीचं भोक). यामुळे तंबू लांबीच्या दिशेने डुलत नाही. आढ्याला मात्र स्क्रू नको, तिथे कैची फिरायला हवी. पायांच्या आत आणि बाहेर काठीवर रबर घट्ट गुंडाळा, तेवढं बस्स. सगळ्या कडा आणि टोकं आधी 80, मग 150 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

दोराटाका
कापडाचं मी सांगते. मांजरपाट किंवा साधी सुती चादर घ्या. कापायच्या आधी धुऊन वाळवाच. कोरं सुती कापड शंभर सेंटीमीटरला 3 ते 5 सेमी आटतं. शिवून झाल्यावर आटलं तर खालच्या काठ्या नेफ्यात जातच नाहीत.

वरच्या मापांना कापड 215 सेमी लांब आणि 99 सेमी रुंद कापा. रुंदीच्या दोन्ही काठांना 2-2 सेमी दुमड, तयार रुंदी 95. लांबीच्या टोकांना 1 सेमी आत मुडपून साडेचार सेमीचा नेफा. काठीचा घेर 6.3 सेमी असतो आणि या नेफ्याचा आतला घेर 9 सेमी होतो, त्यामुळे ती सहज सरकते.

पहिला नेफा शिवा, दुसरा शिवू नका. तंबू उभा करा, कापड आढ्यावरून ताणून दुसऱ्या काठीभोवती टाचण्या लावा, मग शिवा. कागदावरचं माप आणि प्रत्यक्ष ताण यांत एखाद-दोन सेमीचा फरक निघतो, झोळ तिथूनच येतो. नेफ्याला दोनदा शिलाई मारा, मुलं तिथेच धरून ओढतात.

झोपडीवाला
कापड इतकं ताणलं तर पाय पसरणारही नाहीत ना?

रंधा_आणि_गुण्या
नाही, सगळी गफलत तिथेच होते. कापड आढ्यापासून पायाच्या खालच्या टोकाकडे जातं. पाय कितीही पसरले तरी ते अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे कापड त्यांना अडवूच शकत नाही. पायांमध्ये 90 सेमी अंतर असेल तर आढं 95 सेमी उंचीवर राहतं. अंतर 150 झालं की तेच साडेत्र्याहत्तरवर येतं. म्हणून पुढचे दोन पाय आणि मागचे दोन पाय जमिनीलगत एकमेकांना बांधलेच पाहिजेत.

दारात दोरी नको, मुलं अडखळतात. 90 बाय 98 सेमीचं जाड सतरंजीसारखं अंथरूण करा आणि चारही कोपऱ्यांना निवार पट्टीचे पक्के फास शिवून ते पायांत अडकवा. अंथरूण ताणलं की पाय थांबतात. पायांच्या तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले की आवाज आणि चरे दोन्ही टळतात. घडी करताना फास सोडवा आणि कैची मिटा. कापड काढावं लागत नाही. खालच्या काठ्या आड येतात म्हणून 7-8 सेमी जाडी उरते.

दोराटाका
सुरक्षिततेचं राहून जायला नको. लोंबत्या दोऱ्या, लांब नाड्या अजिबात ठेवू नका, गळ्याला फास बसू शकतो. पुढची-मागची दोन्ही दारं उघडी ठेवा, प्लास्टिकचं कापड नको. आत मेणबत्ती किंवा बल्ब नको. बॅटरीची माळ चालेल, पण बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. आणि आढ्याला लोंबकळायचं नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

टेबलाखाली
ड्रिल नसलेल्यांसाठी: 120 बाय 75 सेमीचं, 75 सेमी उंच टेबल असेल तर 270 बाय 225 ची चादर चारही बाजूंनी जमिनीपर्यंत येते. खालचा काठ 2 सेमी आखूड ठेवा, नाहीतर पाय पडून चादर ओढली जाते. ती सरकू नये म्हणून वर पुस्तकं किंवा वजन मुळीच ठेवू नका, ओढताना डोक्यावर येईल. कोपऱ्यांना आतून इलास्टिक शिवून ते टेबलाच्या पायांभोवती घ्या.