४×५ कॅमेऱ्यावर पॅनोरमा: सुरुवात अर्ध्या शीटपासून करावी की ६×१७ बॅक घ्यावा?

प्रश्न: आडवी चौकट

नमस्कार. गेली दोन वर्षे मी ४×५ इंची फील्ड कॅमेऱ्यावर (सुट्या फिल्मशीटवर चित्र घेणारा घडीचा कॅमेरा) कृष्णधवल निसर्गचित्रण करतो आहे. जवळ ९० आणि १५० मिलिमीटरच्या दोन लेन्स आहेत. जुन्या निगेटिव्ह चाळताना लक्षात आले, की निम्म्याहून अधिक चित्रांत वरचे आकाश किंवा खालची जमीन मी छापताना कापूनच टाकतो आणि हाती उरते ती लांबट पट्टी. तेव्हा मुळातच आडव्या चौकटीत चित्र बघायला शिकावे असे वाटू लागले आहे. त्यासाठी १२० रोल फिल्मचा ६×१७ बॅक (कॅमेऱ्याच्या मागे बसणारा, ६×१७ सेंटिमीटरची लांबट चौकट देणारा फिल्मचा डबा) घ्यावा, ६×१७ चा स्वतंत्र कॅमेरा घ्यावा, की आहे त्याच सामग्रीवर काही करता येईल? ९० ची लेन्स ६×१७ ला पुरेल का, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद: तांबडा दिवा

इतक्यात काही विकत घेऊ नका. तुमच्या होल्डरमध्ये (शीट ठेवायच्या चपट्या पेटीत) नीट बसणारी एक जादा डार्क स्लाइड (फिल्मवरचे प्रकाश अडवणारे सरकते झाकण) मिळवा आणि मूठ तशीच ठेवून तिचा लांबीच्या दिशेने निम्मा भाग कापून टाका. उरलेली पट्टी निम्म्यापेक्षा किंचित रुंद ठेवलीत, तर दोन चित्रांच्या मध्ये कोरी फट राहील. होल्डर कॅमेऱ्यात बसल्यावर पूर्ण स्लाइड काढायची, ही अर्धी सरकवायची, एक्स्पोजर द्यायचे आणि पुन्हा पूर्ण स्लाइड घालायची. दुसऱ्या चित्राच्या वेळी अर्धी स्लाइड उलटी करून घातली, की एका शीटवर साधारण ४७×१२० मिलिमीटरची दोन चित्रे मिळतात. हे सगळे काळ्या कापडाखाली करावे, कारण अर्ध्या स्लाइडच्या बाजूने होल्डरच्या तोंडातून प्रकाश शिरण्याची भीती असते.

आता यातली खरी गंमत. अर्ध्या शीटचा मध्य लेन्सच्या अक्षापासून सुमारे २४ मिलिमीटर दूर असतो आणि ग्राउंड ग्लासवरचे, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या चित्र बघायच्या काचेवरचे, चित्र उलटे असते. त्यामुळे शीटचा खालचा अर्धा भाग वापरलात, तर लेन्स २४ मिलिमीटर वर उचलल्याचा परिणाम आपोआप मिळतो; उंच कडे आणि झाडे कॅमेरा न कलवता चौकटीत येतात. वरचा भाग पायाजवळच्या दगडांसाठी, पाण्यासाठी राखावा. क्षितिज मधोमध हवे असेल, तर खालच्या भागासाठी लेन्स तेवढीच खाली घ्यावी. ग्राउंड ग्लासवर पेन्सिलीने मधली रेघ आखून ठेवा.

प्रतिसाद: लांबपट्टी

वरील सल्ला सरावासाठी योग्यच आहे, पण मोठी छपाई करायची असेल, तर ६×१७ च्या ५६×१६८ मिलिमीटर चौकटीचे क्षेत्रफळ अर्ध्या शीटच्या दीडपटीहून अधिक भरते. स्वतंत्र कॅमेरा हलका आणि झटपट वापरता येणारा असला, तरी बहुतेकांत लेन्स वरखाली करण्याची सोय नसते, त्यामुळे तुमच्याकडे ४×५ असताना मी तो सुचवणार नाही.

६×१७ चा कर्ण सुमारे १७७ मिलिमीटर आहे. तुमची ९० ची लेन्स सुपर अँग्युलॉन एफ ८ या मॉडेलची असेल, तर तिचे २१६ मिलिमीटरचे प्रतिमावर्तुळ (लेन्स जेवढ्या गोलात चित्र पाडते तो गोल) ही चौकट झाकून वर जवळपास ४० मिलिमीटर उचलण्याची मुभाही देते. जुनी अँग्युलॉन एफ ६.८ असेल, तर ती ४×५ च जेमतेम झाकते, तेव्हा ६×१७ चा विचार सोडा. लांब नाभीय अंतराच्या लेन्सची अडचण निराळी आहे. हा बॅक फिल्मला कॅमेऱ्याच्या मागे काही अंतरावर धरतो आणि १६८ मिलिमीटरकडे जाणारे किरण त्याआधी सुमारे १२० मिलिमीटर रुंदीच्या खिडकीतून जावे लागतात. लेन्स जितकी लांब, तितके हे किरण कमी तिरपे, म्हणून चित्राच्या दोन्ही कडा काळ्या पडतात. तुमच्या १५० वर असे होते का, हे त्याच बॅकवर तपासूनच पैसे मोजा.

९० वर कडेचे किरण ४३ अंशांनी तिरपे येत असल्याने कडा दीड स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश कमी) काळवंडतात. कृष्णधवलमध्ये छापताना ते सावरता येते, पारदर्शिकेवर (पॉझिटिव्ह फिल्मवर) मात्र मधोमध गडद असलेला सेंटर फिल्टर लागतोच. एका रोलमध्ये चारच चित्रे मिळतात, हेही धरून चाला.

आडवी चौकट

दोघांचेही आभार. माझी ९० ही एफ ८ चीच निघाली. आज स्लाइड कापून तीन शीट वापरल्या आणि पहिल्याच शीटवर घात झाला: स्लाइड उलटी करायला विसरलो, त्यामुळे एका अर्ध्यात नदी आणि डोंगर एकमेकांवर चढले आणि दुसरा अर्धा कोरा राहिला. उरलेल्या दोन शीटवर क्षितिज डावीकडे कललेले दिसते. चौकोनी चित्रात एवढे खुपत नाही. इथे मात्र लगेच डोळ्यात भरते.

तांबडा दिवा

स्लाइडच्या मुठीवर एका बाजूला 'वर' आणि दुसऱ्या बाजूला 'खाली' लिहा आणि प्रत्येक एक्स्पोजरनंतर तोच शब्द वहीत नोंदवा. कललेल्या क्षितिजासाठी ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या बुडबुड्यावर विसंबू नका. छोटी पाणसळ मागच्या चौकटीवर ठेवून पाहा, आणि होल्डर सरकवल्यानंतर पुन्हा एकदा पाहा, कारण बहुधा त्याच धक्क्याने कॅमेरा हलतो.