शीट गप्प राहते तेव्हा: एक्सेलने दिलेले तुमचे अनुभव सांगा

एरर दाखवणाऱ्या शीटचं मला भय वाटत नाही. सेलमध्ये नुसती हॅशची चिन्हं दिसली तर बहुतेक वेळा कॉलम रुंद केला की काम होतं. जीव टांगणीला लागतो तो उत्तर चुकलेलं असूनही सगळं ठाकठीक दिसतं तेव्हा. तुमच्या बाबतीत असं काय झालं, कशावरून लक्षात आलं आणि आता काय काळजी घेता, ते इथे सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

गावच्या दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल सभासदांच्या खात्यात जमा व्हायचं, त्याची यादी मी करायचे. खाते क्रमांक १६ आकडी. ते टाकले की सेलमध्ये १.२३४५७ई+१५ असं काहीतरी दिसायचं, म्हणून मी फॉरमॅट बदलून 'नंबर' केला. आकडे पूर्ण दिसायला लागले, यादी गेली. चार दिवसांनी एक सासू-सून संस्थेत आल्या. दोघींची खाती एकाच दिवशी उघडलेली, क्रमांक लागोपाठचे. पैसे एकीच्याही खात्यात नाहीत. यादी उघडली तर दोघींचा क्रमांक एकच! मग वरपासून बघत गेले. प्रत्येक क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य.

एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच जपतं, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. आणि एकदा गेलेला आकडा फॉरमॅट बदलून परत येत नाही. पासबुकं मागवून सगळी यादी नव्याने भरली. आता आधी कॉलम निवडून 'टेक्स्ट' करते, मगच क्रमांक टाकते. सुरुवातीचं शून्य असलेले क्रमांकही त्यामुळे शाबूत राहतात.

पतसंस्थेत काम करणारे एक जण

ताई, यात आणखी एक खाचखळगा आहे. कॉलम टेक्स्ट असला तरी काउंटइफ (निकषात बसणारे सेल मोजणारा) फॉर्म्युला असे क्रमांक संख्या समजूनच ताडून बघतो. पहिले १५ आकडे जुळले की त्याच्या लेखी दोन्ही एकच. दुबार खाती शोधताना आम्हाला चांगली खाती दुबार म्हणून दिसत होती. निकषाला शेवटी तारांकन जोडलं की तो मजकूर म्हणून तुलना करतो. हे कळेपर्यंत दोन दिवस गेले.

माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

प्रथम सत्राचा निकाल. नावं आणि गुण यांच्यामध्ये मी एक कॉलम रिकामा सोडला होता, छापल्यावर सुटसुटीत दिसावं म्हणून. नावं अकारविल्हे लावली. रिकाम्या कॉलमपाशी तक्ता संपला असं एक्सेलने धरलं, त्यामुळे नावं हलली आणि गुण जागच्या जागी राहिले. कसलीही सूचना आली नाही. फाइल सेव्ह करून बंद केली, म्हणजे कंट्रोल झेडचाही मार्ग संपला.

गणिताच्या पेपरला टायफॉइडने गैरहजर असलेल्या मुलाच्या नावापुढे ४३ दिसले म्हणून कळलं. तो हजर असता तर ती प्रगतिपुस्तकं घरोघरी गेली असती, हा विचार अजूनही मनातून जात नाही. त्या रात्री उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुन्हा काढले. आता माझ्या प्रत्येक शीटमध्ये पहिला कॉलम हजेरी क्रमांकाचा असतो, मध्ये रिकामा कॉलम नसतो, आणि क्रम लावण्याआधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवते.

अकाउंटंट, कोल्हापूर

महिनाअखेरीस जीएसटीचा तक्ता. बिलं वाढवत होतो, बेरीज हलत नव्हती. त्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी एका सहकाऱ्याची जड फाइल उघडली होती आणि ती 'मॅन्युअल' गणनेवर, म्हणजे सांगितल्याशिवाय हिशेब नव्याने होणार नाही अशी ठेवलेली होती. एक्सेल पहिल्या फाइलची ही सेटिंग उचलतं आणि नंतर उघडलेल्या सगळ्या फाइलींना तीच लावतं. खाली डाव्या कोपऱ्यात 'कॅल्क्युलेट' असा शब्द दिसत होता, पण तिकडे कोण बघतो? तात्पुरतं एफ ९ दाबायचं, आणि फॉर्म्युलाज टॅबमधल्या कॅल्क्युलेशन ऑप्शन्समध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक' करायचं. त्याच अवस्थेत फाइल सेव्ह केली तर तिच्यातही मॅन्युअल बसतं, म्हणून फाइल पाठवण्याआधी हे बघाच.

न्यू जर्सीहून

पुण्याची टीम ०३/०४ लिहिते ते ३ एप्रिल. माझ्या कॉम्प्युटरवर ते ४ मार्च होतं. तारखेतला दिवस १२ पर्यंत असेल तर महिना आणि दिवस मुकाट्याने अदलाबदल होतात, १२ च्या पुढे असेल तर ती तारीख नुसता मजकूर राहते. म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन प्रकारचा घोळ. ओळखायची खूण: खऱ्या तारखा सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. मूळ सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती असलेली साधी मजकूर फाइल) टाकून देऊ नका. ती 'डेटा' टॅबमधून आत घ्या आणि तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगा.

मुंबई, डेटा एंट्री

जुन्या एक्सएलएस प्रकारात फक्त ६५,५३६ ओळी मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधले कोरोनाबाधितांचे १५,८४१ अहवाल याच जुन्या मर्यादेपायी मोजणीतून सुटले होते. ते वाचल्यापासून मी पहिल्यांदा शेवटची ओळ बघते.

लाभार्थ्यांच्या याद्या करणारे एक जण, विदर्भ

मराठी नावांची सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की टोपीवाली परकी अक्षरं दिसतात. घाबरू नका, तिथपर्यंत नावं शाबूत असतात. फाइल तशीच बंद करा, सेव्ह करू नका. कोरी शीट उघडून 'डेटा' टॅबमधून फाइल घ्या आणि 'यूटीएफ-८' (मराठीसह सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) निवडा. नावं वाचता येतात.

उलट दिशेने मात्र मोठं नुकसान झालं. मराठी यादी साध्या सीएसव्हीत सेव्ह केली आणि सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. त्यातून नाव परत मिळत नाही. मूळ फाइलवर सेव्ह झालेलं, दुसरी प्रत नव्हती. अर्जांची गाठोडी सोडून आम्ही दोघांनी नावं पुन्हा टाइप केली, मी वाचायचो आणि सोबतच्या मॅडम टाइप करायच्या. आता सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घेतो.