हर्टा, मोंझा आणि रविवारचे वेध

*सोसायटीचा ग्रुप, गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५*

देशमुख (सेक्रेटरी): आजची आरती ७.३० ला. मान सी विंगचा. खिरापत वेळेवर आणावी.

अद्वैत बी-७०२: कॉल्टन हर्टा इंडीकार (अमेरिकेतली रेस सिरीज) सोडतोय!! एफ वनच्या नव्या कॅडिलॅक टीमचा टेस्ट ड्रायव्हर झाला. पुढच्या वर्षी एफ टू (एफ वनच्या खालची पायरी) खेळणार म्हणतायत 🔥

रोहित डी-५०१: कॅडिलॅकच्या दोन्ही सीट तर पेरेझ आणि बोटासला गेल्या ना?

अद्वैत बी-७०२: म्हणूनच टेस्ट ड्रायव्हर. एफ वनला लागणाऱ्या सुपर लायसन्सचे पॉइंट भरत नाहीत त्याचे. तीन वर्षांत मिळून ४० लागतात

कुंदाकाकू ए-२०१: लायसन्सवरून आठवलं. बेसमेंटमध्ये कोणाचा तरी मुलगा बिनलायसन्सची स्कूटर फिरवतो. परवा माझ्या पायावरून जायची राहिली.

देशमुख (सेक्रेटरी): नोंद घेतली. बाकीच्यांनी कृपया हा ग्रुप सोसायटीच्या कामापुरता ठेवावा.

रोहित डी-५०१: सात सीझन इंडीकार, नऊ रेस जिंकल्या, आणि लायसन्स नाही? काय चाललंय काय

मृणालताई सी-३०३: एफ टूमध्ये पहिल्या तिघांना प्रत्येकी ४० मिळतात. इंडीकारमध्ये ४० फक्त चॅम्पियनला. एफ टू एफआयएची (लायसन्स देणारी जागतिक रेसिंग संघटना) स्वतःची, इंडीकार नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

सुहासकाका ए-१०४: बरोबर. २०२२ लाच रेड बुलला हा पोरगा त्यांच्या दुसऱ्या एफ वन टीममध्ये, अल्फाटॉरीमध्ये हवा होता. एफआयएने सूट दिली नाही, विषय संपला. १८ वर्षांचा असताना ऑस्टिनला जिंकला होता, इंडीकारचा सर्वात लहान विजेता. आता पंचविशीत पुन्हा ज्युनियरच्या वर्गात बसणार. याला हिंमत लागते, एवढंच म्हणतो.

रोहित डी-५०१: हिंमत ठीक आहे काका, पण अमेरिकेतून आलेल्यांचं पुढे काय होतं? मायकेल अँड्रेटी?

सुहासकाका ए-१०४: जखमेवर मीठ नको चोळूस. १९९३. एफ वनची मॅक्लारेन टीम. पहिल्या तीन रेस मिळून गड्याचे पुरे चार लॅप झाले. किती? चार! दक्षिण आफ्रिकेत गाडी ग्रिडवरच बंद पडली, मग वॉरिकला ठोकलं. ब्राझीलमध्ये बर्गरबरोबर धडक. आणि डॉनिंग्टनला पावसात ज्या पहिल्या लॅपमध्ये सेना पाचव्यावरून पहिला झाला, त्याच लॅपमध्ये हा वेंडलिंगरला भिडून बाहेर.

कुंदाकाकू ए-२०१: कुठली सेना?

देशमुख (सेक्रेटरी): ग्रुपवर राजकारण नको.

सुहासकाका ए-१०४: कुंदावहिनी, आयर्टन सेना. ब्राझीलचा ड्रायव्हर होता 🙏

सुहासकाका ए-१०४: तर सांगत होतो. मायकेल इटलीत मोंझाला तिसरा आला आणि तीच त्याची शेवटची रेस. १३ रेस करून घरी, जागेवर हॅकिनेन. आणि गंमत बघा, अमेरिकेत त्याच्या रिकाम्या झालेल्या सीटवर कोण बसला? नायजेल मॅन्सेल. त्याने पहिल्याच वर्षी चॅम्पियनशिप मारली.

रोहित डी-५०१: मग हेच तर म्हणतोय. एफ वनचा माणूस तिकडे जाऊन जिंकतो, तिकडचा इकडे येऊन ठोकतो. लेव्हलच वेगळी

मृणालताई सी-३०३: नाही रे. मायकेल युरोपात राहायलाही गेला नव्हता, अमेरिकेहून ये-जा करायचा. त्यात त्या वर्षी सरावाच्या लॅपवर मर्यादा आली. नवी गाडी, नवे ट्रॅक, शिकणार कधी? आता व्हिलनव्ह बघ. १९९५ ला इंडी ५०० (तिकडची सर्वात मोठी रेस) आणि तिकडची चॅम्पियनशिप दोन्ही जिंकला, पण त्याच उन्हाळ्यात एफ वनच्या विल्यम्स टीमने त्याला सिल्व्हरस्टोनला गाडीत बसवलं. पहिल्या रेसच्या आधी हजारो किलोमीटर टेस्टिंग. १९९६ ला मेलबर्नला पहिल्याच रेसमध्ये पोल (सगळ्यात पुढून सुरुवात), निकाल दुसरा. १९९७ ला वर्ल्ड चॅम्पियन. माँटोयाही तसाच, १९९८ ला विल्यम्सचा टेस्ट ड्रायव्हर होता, मग अमेरिकेत गेला, मग २००१ ला परत आला. आणि पहिला विजय मोंझाला.

रोहित डी-५०१: आणि बुर्दे? ओळीने चार वेळा चॅम्प कार (तीही अमेरिकेतलीच सिरीज) जिंकला. युरोपातला, एफ ३००० (तेव्हाची एफ टू) चा चॅम्पियन, ट्रॅक सगळे पाठ. एफ वनला टोरो रोसो टीममध्ये दीड सीझन आणि नारळ. तुझ्या थिअरीत कुठे बसतो तो?

मृणालताई सी-३०३: नाही बसत 😅 शेजारच्या गाडीत व्हेटेल होता, त्याला कोण काय करणार. २००८ ला मोंझाला बुर्दे चौथ्यावरून सुटणार होता, गाडी जागची हललीच नाही. त्याच दिवशी व्हेटेल जिंकला. नशीबही लागतंच.

देशमुख (सेक्रेटरी): टँकर ५ वाजता येईल. गेटसमोर गाड्या लावू नयेत.

अद्वैत बी-७०२: काका, अमेरिकेतून आलेल्या झनार्डीचं काय झालं होतं?

सुहासकाका ए-१०४: अरे, तो तर याच घराच्या गोष्टीतला! १९९६, अमेरिकेतला लागुना सेका ट्रॅक, शेवटचा लॅप. झनार्डीने कॉर्कस्क्रू नावाच्या वळणावर उतारात आतून, अर्धा रस्ता सोडून ज्याला गाठलं तो ब्रायन हर्टा. कॉल्टनचा बाप. पुढे झनार्डी दोनदा तिकडच्या कार्ट सिरीजचा चॅम्पियन झाला आणि १९९९ ला विल्यम्समध्ये आला. वर्षभरात शून्य पॉइंट. त्याच गाडीत राल्फ शूमाकरने ३५ काढले. खाचा पाडलेल्या टायरशी झनार्डीचं कधी जमलंच नाही. टायर हीच खरी सासू.

अद्वैत बी-७०२: म्हणून तर एफ टू! तिथेही एफ वनसारखे पिरेलीचेच टायर. शिवाय एफ वनच्याच वीकेंडला, त्याच ट्रॅकवर. आता सीझनमध्ये टेस्टिंग जवळपास बंदच आहे, मग शिकायला दुसरी जागा कुठे?

मृणालताई सी-३०३: आणि एफ टूलाही पॉवर स्टिअरिंग नाही, इंडीकारसारखंच. त्याच्या दंडांना तरी सवय आहे.

रोहित डी-५०१: पण २० वर्षांच्या पोरांकडून हरला तर? पॉइंट राहिले बाजूला, होती ती अब्रूही जाईल. लोब बरा, नऊ वेळा रॅलीचा चॅम्पियन, २००९ ला एफ वनचं लायसन्स नाकारलं तर गपचूप रॅलीत परत

सुहासकाका ए-१०४: हरू शकतो. शक्यता चांगलीच आहे. पण सर्टीझ बघ, मोटरसायकलवरून आला आणि १९६४ ला फेरारीत वर्ल्ड चॅम्पियन झाला. दोन आणि चार चाकांवर दोन्हीकडे चॅम्पियन, आजवर एकटाच. अर्थात तेव्हा पॉइंट मोजणारं ऑफिस नव्हतं.

अद्वैत बी-७०२: आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाचं उलटं. एफ टूमध्ये रेस जिंकला, रेड बुलचा ज्युनियर होता, तरी एफ वनची सीट नाही. मग फॉर्म्युला ई (इलेक्ट्रिक गाड्यांची सिरीज)

मृणालताई सी-३०३: ते खरं दुखणं आहे. नियम लायसन्स देतो, सीट देत नाही. सीट मालक देतो, आणि कॅडिलॅकच्या मालकांना कधी ना कधी अमेरिकन ड्रायव्हर हवाच असणार.

अद्वैत बी-७०२: रविवारी संध्याकाळी साडेसहाला मोंझाची एफ वन रेस आहे. विसर्जन शनिवारी. क्लब हाऊसचा प्रोजेक्टर मिळेल का सर?

देशमुख (सेक्रेटरी): मिळेल. मांडव आवरून झाल्यावर. खुर्च्या परत रचून ठेवणे.

सुहासकाका ए-१०४: कुंदावहिनींचे बटाटेवडे असले तर मी पण येतो.

कुंदाकाकू ए-२०१: रविवारी खग्रास चंद्रग्रहण आहे भावजी. वेध दुपारपासून. काही मिळणार नाही.

अद्वैत बी-७०२: काकू, ग्रहण रात्री दहाच्या सुमाराला लागतं. रेस आठच्या आत संपेल

कुंदाकाकू ए-२०१: वेध ते वेध. वडे फक्त लहान मुलांना चालतात.

रोहित डी-५०१: अद्वैत लहानच आहे काकू. मी पण.

कुंदाकाकू ए-२०१: बरं. लहान मुलांसाठी म्हणून करते. ४० पुरतील?

अद्वैत बी-७०२: ४० च लागतात काकू 😂