ट्रकवर चढू की फायरचा कोर्स करू? (वय २२, हेवी लायसन्स आहे) – मदत हवी आहे

येवला_फाटा

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. निफाड तालुक्यातला आहे. दहावीला ६१ टक्के, बारावी कला शाखा ५४. पुढं कॉलेजात मन लागलं नाही. जमीन दोन एकर, ती बापू आणि थोरला भाऊ बघतात, तिसऱ्या माणसाला तिथं काम नाही.

गाडीचं वेड पहिल्यापासून. पिकअप घेऊन लासलगाव-विंचूरला कांदा टाकायला जायचो, गेल्या वर्षी हेवी काढलं. धाकट्या मामाची बारा टायरची गाडी आहे. कांदा घेऊन कोलकात्याला जातो, परतीला मिळेल ते भाडं. मामा म्हणतो, आधी क्लीनर म्हणून माझ्याबरोबर फीर, रस्ते कळले की स्टेअरिंग तुझं. महिना १८ हजार आणि ट्रिपचा भत्ता वेगळा. उद्या निघायचं म्हटलं तरी त्याची तयारी आहे.

दुसरीकडं, तालमीतला मित्र सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स करून आला आणि एका नगरपालिकेत लागला. त्याच्या केंद्रावर बसलो होतो तेव्हा वर्दी (आगीची खबर) आली. चहाचे कप तसेच ठेवून सगळे बंबावर. गोडाऊनची आग होती, मी लांबून बघत होतो. हे आपल्याला जमेल, असं आतून वाटलं. शिवाय १०८ ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर घेतात असंही ऐकलंय.

घरात दोन तट आहेत. आईला ट्रक नको. बापू म्हणतात, भरतीच्या नादात गावातली निम्मी पोरं तिशीला टेकली, त्यापेक्षा मामाबरोबर जा, चार पैसे हातात येतील. दोघांचंही पटतं, म्हणून अडकलोय. या कामांत जे प्रत्यक्ष आहेत त्यांनी सांगावं. आणि १०८ हा मधला मार्ग धरावा का?

मोकळी_गाडी

बावीस वर्षं ट्रकवर काढली, आता दोन गाड्यांचा मालक आहे. तेव्हा माझं ऐकताना तेवढं लक्षात ठेव.

मामाची गाडी असण्याचा फायदा असा की अनोळखी रस्त्यावर तुला कोणी एकटं सोडणार नाही. तोटा असा की मामाकडं पैसे मागताना तुझीच जीभ अडखळणार. भत्त्यातून काय काय जायचं ते आधी ठरवून घे: पंक्चर, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), पार्किंग, चहापाणी (आणि ज्याला चहापाणी म्हणायची पद्धत आहे तेही). ओव्हरलोडचा दंड २०१९ पासून २० हजार, वर दर जादा टनाला २ हजार. पावती फाटली तर ती कोणाच्या खात्यावर, हे घरी बसून बोलून घ्या. वजनकाट्यावर उभं राहून बोललात तर नातं जाईल.

कांद्याचं तुला काय सांगायचं, तरी सांगतो. भरताना हवा खेळायला जागा ठेवावी लागते, ताडपत्री गच्च ओढली की माल तापतो. उघडा ठेवला की वाटेत पाऊस. रात्री दोनला रायपूरच्या पुढं सर आली की मालावर चढायचं, ताडपत्री ओढायची, रस्से आवळायचे. पहाटे उघडलं की ते सगळं परत सोडायचं. नाही सोडलं तर खाली करताना व्यापारी ओली गोणी पुढं करून भाव पाडतो आणि मालक ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघतो. क्लीनर म्हणून तुझं काम हे आहे. स्टेअरिंग त्यामानानं सोपं.

मोटार वाहतूक कामगाराला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास, असा कायदा १९६१ मध्येच झाला. लांब पल्ल्यावर तो पाळणारा मला अजून भेटायचाय. नव्या बनणाऱ्या ट्रकांना १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली, हे मात्र खरोखर चांगलं झालं. मामाची गाडी जुनी असेल तर तुला त्याचा उपयोग नाही.

अपघाताचं म्हणशील तर थांबलो तर जमाव आणि पळालो तर गुन्हा, अशी आमची गत. भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) वरून जानेवारी २०२४ मध्ये चक्का जाम झाला तो याचसाठी. पळून गेला आणि कळवलं नाही तर दहा वर्षं, असं ते कलम. बाकी कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, ते कलम तेव्हा बाजूला ठेवलं. पण कायदा काहीही असो, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हायचं, हे मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशीच सांगतो.

ट्रक वाईट नाही. हिशेबाला पक्का असशील तर पुढं स्वतःची जुनी गाडी घेशील. नोकरीत तेवढं होत नाही. फक्त एक आहे, फेरीवर असताना फॉर्मच्या तारखा निघून जातात. एकदा रुळलास की दुसरं काही करायचं राहूनच जातं.

रात्रपाळी

१०८ वर आहे. आम्हाला पायलट म्हणतात, पगार बघितला की विमान जमिनीवर येतं.

ही सेवा राज्यात जानेवारी २०१४ पासून आहे. गाडीत एक डॉक्टर, एक पायलट. म्हणजे स्ट्रेचरचं दुसरं टोक कोण धरणार? मीच. जुन्या वाड्याचा अरुंद जिना, माणूस नव्वद किलोचा, छातीत दुखतंय. त्याला चालवायचं नाही, डोकं वरच्या बाजूला ठेवून पायांकडून खाली उतरवायचं. खालच्या टोकाला मी, सगळा भार माझ्या मनगटावर, मागून नातेवाईक "लवकर, लवकर". गाडी पळवण्याचंही तसंच. मागं डॉक्टर उभा राहून सलाइन लावत असतो, मी कचकन ब्रेक दाबला तर तोच आदळतो. ज्याला वेगाची हौस आहे त्यानं इकडं येऊ नये.

नोकरी कंत्राटी, पाळी बारा तासांची. कायम होण्याची आशा धरून आलास तर कुढत बसशील. पण तालुक्यातच राहतोस, घरचं जेवण मिळतं, आणि आपत्कालीन काम आपल्याला झेपतं का ते कळतं. रस्त्यावरचे अपघात बघून दोन जण पहिल्याच महिन्यात सोडून गेले. त्यात कमीपणा काही नाही. मधला मार्ग म्हणशील तर हो, आहे. त्यावर मुक्काम करू नको.

भाऊबीज

लग्नाचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. आमचे हे ट्रकवर होते. ड्रायव्हर म्हटलं की मुलीकडचे फोनच उचलत नाहीत, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी लिहीत नाही. आईचा विरोध नुसता घाटातल्या अपघातांच्या बातम्यांमुळं असेल असं समजू नकोस.

बंबवाला

महापालिकेच्या अग्निशमन दलात आहे. वरची मंडळी खरं सांगतायत, पण तुझ्या प्रश्नातली वयाची मेख कोणी धरली नाही.

राज्य अग्निशमन अकादमीच्या सहा महिन्यांच्या कोर्सला आतापर्यंतच्या जाहिरातींत वयाची अट १८ ते २३ अशी आलेली आहे, राखीव प्रवर्गांना ५ वर्षं सूट. दहावीला ५० टक्के, उंची १६५ सेंमी, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६. तू २२ चा. खुल्या वर्गातला असशील तर तुझ्याकडं जेमतेम एखादी जाहिरात उरली आहे. ट्रक तुला तिसाव्या वर्षीही घेईल, मामा नाही तर दुसरा कोणी. तेव्हा अर्ज आधी कोर्सचा. तो लागेपर्यंत खुशाल मामाबरोबर जा, फक्त जाहिरात कधी निघते यावर घरातल्या एकाला लक्ष ठेवायला सांग.

आता हेवीचं. आमच्याकडं चालक-यंत्रचालक असं वेगळं पद असतं. बहुतेक जाहिरातींत कोर्स, जड वाहनाचा परवाना आणि तीन वर्षांचा अनुभव असं मागतात. कोर्स केलेल्या पोरांकडं हेवी नसतं आणि हेवीवाल्यांकडं कोर्स नसतो. तुझ्याकडं दोन्ही असलं तर रांग बरीच छोटी होते. म्हणून मामाला सांग, पगार रोख नको, बँकेत टाक आणि अनुभवाचं पत्र तारखांसह दे. आणि पत्र चालक म्हणून लागतं, क्लीनर म्हणून नाही, तेव्हा स्टेअरिंग लवकर हातात घे.

काम कसं असतं तेही ऐक. बंब आगीपाशी उभा राहिला की तुझं ड्रायव्हिंग संपलं. हँडब्रेक, चाकाला ठोकळा, पीटीओ टाकायचा, म्हणजे इंजिनचा जोर चाकांऐवजी पंपाला मिळतो. मग नजर गेजवर. पुढं नोझल धरून दोघं धुरात गेलेले असतात, ते तुला दिसत नाहीत. टाकीत किती पाणी उरलंय हे फक्त तुला माहीत असतं. प्रेशर एकदम वाढवलंस तर नोझलवाला मागं फेकला जातो. पाणी संपत आल्याचं वेळेत सांगितलं नाहीस तर तो आगीसमोर रिकामा पाइप धरून उभा. जाताना अर्धी टाकी वळणावर गाडीला कशी ओढते, हे टँकर चालवलेल्याला सांगावं लागत नाही. मामाच्या ओळखीत पाण्याचा टँकर असेल तर थोडे दिवस त्यावर हात बसव.

पगार जाहिरातीप्रमाणे एस-६ किंवा एस-७, म्हणजे मूळ वेतन १९,९०० किंवा २१,७०० पासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. जुनी पेन्शन नाही, नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना अंशदायी, म्हणजे पगारातून आपलाही हिस्सा कापला जातो ती.

बापूंचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. कोर्स झाला म्हणजे ऑर्डर आली असं नाही. भरती कधी निघेल ते कोणाच्या हातात नसतं. तोवर बरीच पोरं एमआयडीसीतल्या कंपन्यांत, मॉलमध्ये, कंत्राटदाराच्या हाताखाली कमी पगारात फायरमन म्हणून उभी असतात. तुझ्याकडं तेवढ्या काळात ट्रक आहे, त्यांच्याकडं नसतो. आणि आईला हे काम बिनधोक आहे असं सांगू नकोस. आम्ही दर १४ एप्रिलला मानवंदना देतो ती १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना.

एक विचारायचं राहिलं. चष्मा आहे का?

येवला_फाटा

सगळ्यांचे आभार, बंबवाला दादा तुमचे विशेष. वयाचं खरंच डोक्यात नव्हतं. मी ओबीसीत आहे, म्हणजे सूट मिळेल, पण नॉन-क्रिमिलेअर काढलेलं नाही. चष्मा नाही, तरी लांबचा बोर्ड डाव्या डोळ्यानं थोडा पुसट दिसतो. हेवीच्या मेडिकलला कोणी काही बोललं नव्हतं.

बंबवाला

लायसन्सच्या मेडिकलवर जाऊ नकोस, ते कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडच्या मेडिकलला चष्मा चालत नाही, रंग ओळखायलाही लावतात. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा आणि नंबर लेखी घे. डोळ्यात अडकणार असशील तर ते आत्ता कळलेलं बरं, मग ट्रकच्या हिशेबाला लाग. नॉन-क्रिमिलेअर तहसीलला आजच टाक, जाहिरात निघाल्यावर तिथं रांग लागते.

येवला_फाटा

उद्याच पिंपळगावला जातो. पण मामा गुरुवारी निघणार आहे, त्याला काय सांगू?

मोकळी_गाडी

ही ट्रिप नाही, पुढची करतो म्हणून सांग, आणि आत्ताच फोन कर. गुरुवारच्या लोडला त्याला दुसरा क्लीनर शोधायचाय. पत्राचं आणि बँकेचं मात्र फोनवर बोलू नकोस, तो परत आला की मामींसमोर बोल.