बेचाळिसाव्या वर्षी बीजगणित: मेंदू खरंच वाढतो का?

शिलाईवाली_पारोळा
नमस्कार मंडळी. घरीच शिलाईकाम करते. शाळा नववीत सुटली, यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतेय. बाकी विषय निभतात, बीजगणित काही केल्या डोक्यात शिरत नाही. रात्री भांडी आवरून पुस्तकातली सोडवलेली गणितं तीन-तीनदा वाचते. सगळं कळल्यासारखं वाटतं. सकाळी कागद घेतला की पाटी कोरी. मुलगा बारावीला आहे, तो हसतो, ‘माय, तुले हाई जमाव नही.’ ओळखीतल्या एक बाई म्हणतात, मेहनतीने मेंदू वाढतो. या वयात काय वाढणार, चष्म्याचा नंबर? खरं काय ते सांगा, नुसता धीर देऊ नका.

जुना_मास्तर_अमळनेर
ताई, आधी सांगा, पहिलं ब्लाऊज कापलंत तेव्हा काय झालं होतं?

शिलाईवाली_पारोळा
काय आठवण काढली सर! दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या. मुंढ्याची पुढची खोलगट बाजू दोन्हीकडे डावीच. साडीतलंच ब्लाऊजपीस, दुसरं मिळेना. पदरचे पैसे भरले. तेव्हापासून कापडाची उलट-सुलट बाजू पाहिल्याशिवाय कात्री लावत नाही.

जुना_मास्तर_अमळनेर
मग शिवलेलं ब्लाऊज दहा वेळा निरखून बाही आली असती का? सोडवलेलं गणित वाचणं तसंच आहे. २००६ च्या एका अभ्यासात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि त्यांच्या सहकाऱ्याने विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. तुमची रात्र आणि सकाळ, तोच फरक. पुस्तक मिटा आणि अडखळा.
हे घ्या: कटोरी आणि साधे मिळून १० ब्लाऊज. शिलाई कटोरीची २५०, साध्याची १५०. एकूण १९०० आले. कटोरी किती?

लोको_भुसावळ
वयाचं मी सांगतो. आम्हा रेल्वे ड्रायव्हरांना नवा सेक्शन, म्हणजे मार्गाचा नवा तुकडा, मिळाला की आधी दिवसा-रात्री फेऱ्या मारून सिग्नल, चढ-उतार पाठ करावे लागतात. पहिले काही दिवस डोकं भणभणतं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं तर विचारू नका, परवान्याच्या परीक्षेसाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करायचे, तीन-चार वर्षं. २०११ च्या अभ्यासात ७९ शिकाऊ टॅक्सीवाल्यांचे मेंदू आधी तपासले, त्यातल्या ५९ जणांचे नंतर पुन्हा. ३९ पास झाले, आणि वाढ दिसली ती त्यांच्याच हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागाच्या, मागच्या बाजूला. नापासांत नाही. सगळे मोठी माणसं बरं का, शाळकरी पोरं नव्हेत. वाढ म्हणजे डोकं फुगत नाही, स्कॅनमध्ये दिसेल एवढा बारीक फरक.
पण सोडलं की उतरतंही. २००४ च्या अभ्यासात जर्मनीत लोकांना तीन चेंडू एकामागून एक हवेत उडवून झेलायला शिकवले होते. तीन महिन्यांत मेंदूत फरक दिसला, सराव थांबल्यावर पुढच्या तीन महिन्यांत कमी झाला.

चोपड्याची_पोर
थोडं थंड पाणी ओतते. ‘मेंदू वाढतो’ एवढं नुसतं ऐकून फार काही होत नाही. २०१९ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या मुलांना हेच तासाभरात समजावलं, तर मागे पडलेल्यांचे ग्रेड, तिकडच्या सुमारे चार गुणांच्या मापावर, सरासरी ०.१ ने वर गेले. बरं आहे, पण जादू नाही. मास्तरांची पद्धत धरा. आणि काकू, रात्री डोळे मिटत असतील तर झोपा! शिकलेलं झोपेत पक्कं होतं.

शिलाईवाली_पारोळा
सर, ४ कटोरी. सगळी साधी धरली तर १५०० होतात, वरचे ४००, आणि कटोरीला शंभर जास्त. मशीनवर बसल्या बसल्याच आलं. पोरगं गप्प झालं, मग म्हणे, ‘परीक्षेत रीतीने मांडावं लागेल.’ पुस्तक मिटून एक्स-वाय मांडले, नगांची ओळ १५० ने गुणून पैशांच्या ओळीखाली लिहिली, खालच्या ओळीची चिन्हं बदलून वजाबाकी केली, तर कटोरी आली ३४! दहा ब्लाऊजांत चौतीस! अर्धा तास डोकं धरून बसले. डावीकडची चिन्हं बदलली होती, बरोबरच्या चिन्हापलीकडचे १५०० तसेच राहिले होते, म्हणून ते १९०० मधून वजा व्हायच्या ऐवजी मिळवले गेले. पुन्हा एकाच हाताची बाही. तिथे लाल पेनाने गोल केलाय.
पुढचं टाका, पण आता परकरसुद्धा घाला. आणि दुपारी टाका, रात्री मी झोपणार आहे.