जुना व्हॅक्यूम घुमायचा, नवा किंचाळतो. कमी चिरका कुठला घ्यावा?

भुणभुण: आमच्याकडे वीसेक वर्षांचा व्हॅक्यूम क्लीनर आहे, आवाज मोठा पण खर्जातला, घूंऽऽ करत असतो, त्यात आई खुशाल झोपते. गेल्या आठवड्यात कॉर्डलेस आणला तर तो असा चिरका की दात शिवशिवतात, कुत्रं थेट पलंगाखाली. खोक्यावर डेसिबल कमी लिहिलेत मग असं का? परत करायची मुदत आहे अजून, दुसरा कुठला बघू?

कोपऱ्यातला_केर: डेसिबलला भुलू नका हो. त्यावरून आवाज किती ते कळतं, कसा ते नाही. जुन्या कार्बन ब्रशवाल्या (ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) मोटरी साधारण २० ते ३५ हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. सेकंदाला जितके फेरे तितके हर्ट्झ, म्हणजे मूळ सूर चार-पाचशे हर्ट्झचा. नव्या ब्रशलेस मोटरी लाखाच्या पुढे, डायसन कंपनीच्या व्ही१० व्हॅक्यूमची तर १,२५,०००. सेकंदाला दोन हजारांवर फेरे झाले, आणि माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झलाच सगळ्यात तिखट!

निवांत: शिवाय मोटरवरच्या पंख्याच्या पात्यांचा वेगळा सूर, फेरे गुणिले पाती. डायसनने हेअर ड्रायरच्या मोटरला म्हणूनच ११ ऐवजी १३ पाती दिली, १,१०,००० आरपीएमला तो सूर २३ हजार हर्ट्झच्या वर गेला, आपल्याला ऐकूच येत नाही. कुत्र्याला येतो पण :)

सतरंजी: घ्यायचाच तर पिशवीवाला कॅनिस्टर (जमिनीवर ओढायचा डबा आणि लांब नळी) घ्या, वेग कमी-जास्त करता येणारा. युरोपात २०१७ पासून ९०० वॅट आणि ८० डेसिबलची मर्यादा आहे, त्यानंतरचे बरेच सुसह्य आहेत. दुकानात चालू करून नळीच्या तोंडावर तळहात ठेवा, सूर चढेल. लोकांना वाटतं मोटरवर ताण आला, उलट हवा ओढायचं कामच कमी होतं म्हणून ती सुसाट सुटते. तेव्हाचा आवाज सोसवला तर रोजचा सोसवेल. फिल्टर तुंबला तरी हेच होतं, तुमचा आधी बघा.

भुणभुण: फिल्टर कोरा आहे. इको मोडवर जरा बरा वाटतो, पण मग गालिच्यावरचे केस उचलत नाही, मग काय उपयोग.

कोपऱ्यातला_केर: जुन्याला काय झालंय?

भुणभुण: मधेच चर्रर्र करतो आणि मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, घाबरून ठेवून दिला.

कोपऱ्यातला_केर: अहो मग बहुतेक मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत! बंद केल्यावर कसा थांबतो ते ऐका. घूंऽ करत सावकाश उतरला तर बेअरिंग ठीक, खरखरत अडला तर गेलं.

भुणभुण: आत्ता ऐकलं, मस्त सावकाश उतरतो. नवा परत करतोय. ब्रशचं माप कसं सांगायचं?

कोपऱ्यातला_केर: प्लग काढून उघडा, जुना ब्रश सोबत न्या. लांबी झिजलेली असते, ती धरू नका, जाडी-रुंदी जुळवा. आणि दोन्ही एकदम बदला.