शब्द हवा: स्कॉटलंडच्या 'रीजनल' सदस्याला मराठीत काय म्हणावं?

धुकट सकाळ

मंडळी, अडलंय. इथे स्कॉटलंडमध्ये आमच्या मराठी गटासाठी स्कॉटिश पार्लमेंटच्या निवडणुकीची माहिती देणारं दोन पानी पत्रक लिहितेय. मुलांकडे कायमचे राहायला आलेले बरेच आईबाबा आहेत. नागरिकत्व भारताचंच, पण राष्ट्रकुलातले म्हणून इथे मत देता येतं.

प्रत्येकाला दोन मतं. एक मतदारसंघातल्या उमेदवाराला. ज्याला जास्त मतं तो निवडून आला, आपल्यासारखंच. दुसरं पक्षाच्या यादीला. त्यासाठी स्कॉटलंडचे आठ 'रीजन' पाडलेत आणि प्रत्येकातून सात जण जातात. ७३ आणि ५६ मिळून १२९. मी बेधडक 'प्रादेशिक मत', 'प्रादेशिक सदस्य' लिहून टाकलं आणि आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, "म्हणजे हे मत प्रादेशिक पक्षालाच द्यायचं का गं? राष्ट्रीय पक्षाला दिलं तर बाद?"

आधी हसले. मग लक्षात आलं, चूक तिची नाही. त्यात इथला सर्वांत मोठा पक्ष स्कॉटिश नॅशनल पार्टी (एसएनपी)! नावात 'राष्ट्रीय' आणि आपल्या हिशोबाने प्रादेशिक. आता तिला कसं समजावू?

जुनी वही

'प्रादेशिक' हाच शब्द योग्य आहे. प्रादेशिक परिवहन अधिकारी हा राज्याच्या एका भागापुरताच असतो, तेथे कोणाचा गोंधळ होत नाही. अर्थ संदर्भाने लागतो. माझी सारी नोकरी शासकीय अनुवादात गेली. वाचकाला शब्द कळला नाही म्हणून शब्द बदलत बसलो असतो तर एकही अधिनियम पुरा झाला नसता.

जाता जाता: मसुद्यात 'प्रमाणबद्ध प्रतिनिधित्व' लिहिले असल्यास बदलावे. राज्यघटनेच्या मराठी पाठात 'प्रमाणशीर' आहे. प्रमाणबद्ध मूर्ती असते.

उगाच

प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याला तोंडाने 'प्रादेशिक परिवहन अधिकारी' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. गोंधळ होत नाही कारण तो शब्द कुणी वापरतच नाही.

तिरकमठा

'विभागीय सदस्य' म्हणा की. विभागीय आयुक्त आहेतच. प्रश्न मिटला.

खडूस

विभागीय म्हटलं की मला आधी 'विभागीय चौकशी' आठवते. सदस्य निवडून येण्यापूर्वीच निलंबित वाटतो.

तिरकमठा

:) बरं, मग 'परगणा'? आठ परगणे, परगण्यामागे सात जण. कानाला तरी गोड.

गणिती किडा

सगळे 'रीजन'ला धरून बसलात. हा सदस्य काय कामाचा ते बघा, शब्द आपोआप सापडेल.

२०२१ चं ग्लासगो घ्या. त्या विभागात मतदारसंघ नऊ, नऊच्या नऊ एसएनपीने जिंकले. यादीच्या मतांतही तेच पहिले, सुमारे १ लाख ३४ हजार. लेबर ७४ हजारांवर. आता यादीच्या सात जागा वाटताना प्रत्येक पक्षाच्या मतांना 'आतापर्यंत मिळालेल्या जागा अधिक एक' या आकड्याने भागायचं. मतदारसंघातल्या जागाही त्यात धरायच्या, सगळी मेख इथे आहे. एसएनपीला पहिल्याच फेरीत दहाने भाग, हातात उरले १३ हजार चारशेच्या आसपास. लेबरला मतदारसंघात काहीच नाही, म्हणून एकने भाग, ७४ हजार शाबूत. पहिली जागा लेबरला. मग लेबरला दोनने भाग, पुढे तीनने, असं करत सात जागा संपल्या तेव्हा लेबर चार, कॉन्झर्व्हेटिव्ह दोन, ग्रीन एक. एसएनपीला यादीत भोपळा.

म्हणजे हा माणूस 'प्रदेशाचा' आवाज वगैरे नंतर. आधी तो तूट भरून काढायला आलाय. पद्धतीचं इंग्रजी नावच 'ॲडिशनल मेंबर सिस्टिम' आहे. 'अतिरिक्त सदस्य' म्हणा आणि सुटा.

(भागाकाराची ही रीत बेल्जियमच्या व्हिक्टर डोंट यांची. आडनाव ऐकून 'मत देऊ नका' असं वाटतं, पण माणूस गंभीर होता.)

पाटीपेन्सिल

अतिरिक्त? नको हो! मी शिक्षिका. पट घसरला की आमच्यातलं कोणीतरी 'अतिरिक्त' ठरतं. मग समायोजन, मग कुठल्या शाळेत पाठवतील त्याची वाट पाहणं. दोनदा यादीत नाव आलंय माझं. यादी आणि अतिरिक्त हे दोन शब्द एका वाक्यात दिसले की अजून पोटात गोळा येतो. निवडून आलेल्या माणसाला हा शब्द लावू नका.

जुनी वही

शब्दाला भावना चिकटल्या म्हणून शब्द टाकायचा नसतो. अतिरिक्त जिल्हाधिकारी हे मानाचे पद आहे.

पाटीपेन्सिल

जिल्हाधिकाऱ्याला 'अतिरिक्त' चालतं कारण पुढे 'जिल्हाधिकारी' आहे. शिक्षकाच्या पुढे काय आहे?

आडवाट

मला 'अधिक' सुचतोय. अधिक महिना आठवा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दर वर्षी अकराएक दिवसांची तफावत साठत जाते, ती मोडायला अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना घालतात. तो महिना उरलेला नसतो, हिशोब जुळवायला मुद्दाम घातलेला असतो. तुमच्या छप्पन्न जणांचं नेमकं हेच काम आहे. 'अधिक सदस्य'. अतिरिक्तमध्ये नको असलेलं काहीतरी आहे, अधिकमध्ये ते नाही.

खडूस

त्याच महिन्याला मलमासही म्हणतात, तेवढं सांगायचं राहिलं. शुभकार्य वर्ज्य. शपथविधी कसा करणार?

आडवाट

पुरुषोत्तम मासही म्हणतात. तुम्हाला बरा मलमासच आठवला.

मोरावळा

माझा लाडका शब्द पुढे सरकवते: पासंग. आजोबांच्या तराजूचं एक पारडं हलकं होतं, ते जुळवायला त्याच्या दोरीला लोखंडाची एक कडी अडकवलेली असायची. त्या कडीला ते पासंग म्हणायचे. वजन करायच्या मालाशी तिचा संबंध नाही, पण ती काढली तर सगळं माप खोटं. 'पासंगी सदस्य'. काय बिघडलं?

उगाच

'हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' या वाक्यात पासंग म्हणजे तुमच्या आजोबांचं लोखंड नव्हे, क्षुल्लक वस्तू. आणि 'तराजूत पासंग आहे' म्हणजे तराजूच खोटा. दोन्हीकडून मार खाणारा शब्द उमेदवाराच्या गळ्यात घालताय.

गणिती किडा

यात एक खरी अडचण आहे. २०२१ ला लेबरचे २२ निवडून आले, त्यातले २० यादीवरचे. ग्रीनचे आठ, आठही यादीवरचे. यांना कडी, पासंग, भरती म्हणणार? इथे 'मागच्या दाराने आलेले' हा टोमणा आधीच आहे, कारण मतदारसंघात पडलेला माणूस यादीतून त्याच रात्री निवडून येऊ शकतो. वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने दोन्हीकडे उभं राहायलाच बंदी घातली होती, २०१४ मध्ये उठवली. स्कॉटलंडने तशी बंदी घातली नाही. सभागृहात मात्र दोघांच्या मताची किंमत सारखी. शब्दात उतरंड नको.

धुकट सकाळ

हेच म्हणायचं होतं. म्हणून सध्या 'पहिलं मत' आणि 'दुसरं मत' असं लिहून पाहिलं. आज बाबांनी वाचलं. म्हणाले, "अच्छा, १ आणि २ आकडे घालायचे." त्यांनी पदवीधर मतदारसंघात कैक वर्षं मत दिलंय. त्यांच्या डोक्यात दुसरं मत म्हणजे दुसऱ्या पसंतीचं मत.

आणि गंमत म्हणजे इथे पालिकेच्या निवडणुकीत २००७ पासून खरोखरच आकडे घालायचे असतात! संसदेसाठी फुली, पालिकेसाठी आकडे. २००७ ला दोन्ही निवडणुका एकाच दिवशी घेतल्या, वर संसदेची दोन्ही मतं एकाच कागदावर छापली. संसदेची सुमारे १ लाख ४६ हजार मतं बाद झाली. तेव्हा माझा प्रश्न हौसेचा नाहीये, शब्द चुकला तर बाबांचं मत जाईल.

मोरावळा

मग रंगाने ओळखा म्हणावं. दोन्ही पत्रिका वेगळ्या रंगाच्या असतात ना?

धुकट सकाळ

२०२१ ला मतदारसंघाची फिकट जांभळी होती आणि रीजनची पीच. आई तिला 'अबोली' म्हणते. "अबोली कागदावर पक्ष, जांभळ्या कागदावर माणूस." तिला पाठ झालंय. पण पत्रकात 'अबोली सदस्य' लिहू शकत नाही. (शिवाय अबोली कागदावर पक्षांबरोबर अपक्षही असतात.)

खडूस

का नाही? सभागृहात कधीच न बोलणारे तुमच्याकडे नाहीत वाटतं.

तिरकमठा

मला वेगळीच शंका. हे सगळे 'सदस्य' का? पार्लमेंट आहे ना, मग खासदार म्हणा. यादी खासदार.

जुनी वही

साफ चूक. खासदार वेस्टमिन्स्टरचे, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेचे. एडिंबरातील सभागृहाला १९९८ च्या कायद्याने काही विषय सोपवलेले आहेत, म्हणजे कार्याने ते आपल्या विधानसभेच्या जवळचे. तेथील सदस्य आमदारच.

तिरकमठा

नाव पार्लमेंट, तुम्ही आमदार म्हणणार. स्कॉटिश माणसाला मराठी येत नाही हे नशीब.

आडवाट

आमदार-खासदार मुळात दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास यांवरून आले. सामान्यांच्या दरबारात बसणारा तो आमदार.

उगाच

ही गोष्ट प्रत्येक चर्चेत निघते आणि दर वेळी दरबार थोडा मोठा होतो. 'दार' हा फारसी प्रत्यय आहे, बाळगणारा या अर्थाचा. किल्लेदाराकडे किल्ला, जहागीरदाराकडे जहागीर. आमदाराकडे काय? आम?

खडूस

हंगामात असतात.

पाटीपेन्सिल

धागाकर्तीचा प्रश्न राहिला बाजूला. मी 'यादी सदस्य'च्या बाजूने. साधा आहे, कुणाला हिणवत नाही आणि माणूस कुठून आला ते सांगतो. हे मी म्हणतेय, जिला यादीची भीती वाटते.

गणिती किडा

+१. शिवाय यादीमुळे एक नियमही समजतो. मतदारसंघाची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक. यादीतली जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक नाही, त्याच पक्षाच्या यादीतला पुढचा माणूस येतो. अपक्ष असेल तर? मार्गो मॅकडोनाल्ड लोदियन या रीजनमधून २००३ पासून अपक्ष म्हणून यादीच्या मतांवर निवडून येत होत्या. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं. यादीत पुढचं नावच नव्हतं. ती जागा २०१६ च्या निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. एका माणसाची यादी!

उगाच

एका माणसाची असेल तर तिला यादी म्हणावं का, हा नवा धागा होईल.

मोरावळा

अवांतर: 'पोटनिवडणूक'मधलं पोट कुठून आलं? आमच्याकडे लहानपणी ठाम समजूत होती की मधेच निवडणूक लागली की कार्यकर्त्यांच्या पोटाची सोय होते म्हणून पोटनिवडणूक.

जुनी वही

पोट म्हणजे मुख्यातील उपभाग. पोटकलम, पोटनियम, पोटजात, पोटभाडेकरू.

मोरावळा

पण पोटनिवडणूक कुठल्या निवडणुकीचा उपभाग? पोटकलम कलमाच्या आत असतं. ही निवडणूक आधीच्या निवडणुकीनंतर, एकटीच होते.

जुनी वही

मुदत मूळ निवडणुकीचीच असते. निवडून आलेला उरलेल्या काळापुरताच बसतो. म्हणजे ती मूळ निवडणुकीच्या पोटातच झाली.

आडवाट

हे मात्र पटलं. नाहीतर मी पोटगीपर्यंत पोहोचलो होतो.

धुकट सकाळ

मंडळी, पत्रक परवा छपाईला जातंय. आत्ता 'यादी सदस्य' लिहिलंय, पण मतपत्रिकेवर 'रीजनल' असं ठळक छापलेलं असेल. आईबाबांना केंद्रात गेल्यावर ते अक्षर ओळखू यायला हवं, म्हणून जवळ देवनागरीत 'रीजनल'ही ठेवलंय. म्हणजे दोन शब्द झाले. चालेल का? आणि मत कुठलं म्हणू? 'यादीचं मत' की 'पक्षाचं मत'?

जुनी वही

'रीजनल' देवनागरीत लिहिण्यापेक्षा प्रादेशिक काय वाईट होते?

उगाच

वाईट नव्हतं. आईला कळलं नाही एवढंच.

मोरावळा

जुनी वही, पोटातली निवडणूक मान्य. पण मग पोटमाळा कशात बसतो? तो तर माळ्याच्या आत नसतो, छताखाली असतो.